रापलेल्या वाघिणी

(धरमपेठ, नागपूर येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिले आहे, ते सर चित्रकला शिकवीत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींवर बोलायचे, आणि त्यातही त्या प्रतिकृती मळवाव्या कशा यावर बोलायचे, हा विषय संयोजकांनी एका शब्दात मान्य केला, याचा मला मनापासून आनंद आहे. या कामाला आम्ही वेदरिंग म्हणतो. माझ्या लेखी ती निखळ चित्रकलाच आहे. फरक इतकाच, की इथे कागद सपाट नसतो आणि चित्राचा विषय ऊनपावसाने आधीच रंगवून ठेवलेला असतो.

समोरच्या टेबलावर एक वाघीण ठेवली आहे. बॉक्सएन जातीची, उघडी, कोळशाची. नागपूरच्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. रेल्वे फाटकाशी गाडी बंद करून अशा अठ्ठावन्न-अठ्ठावन्न वाघिणी आपण आयुष्यभर मोजत आलो आहोत. खरी वाघीण कपलिंगसह १०.७ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर उंच असते. ही तिच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी, म्हणजे सव्वाबारा सेंटिमीटर लांब आणि पावणेचार सेंटिमीटर उंच. या मापाला एचओ स्केल म्हणतात. कारखान्यातून निघालेली प्रतिकृती एकरंगी, तुळतुळीत आणि प्लॅस्टिकची दिसते, आणि असतेही. तिला लोखंडाचे वजन द्यायचे ते रंगानेच.

हे वजन येते कशाने? पुष्कळांना वाटते, की तपकिरी रंग पातळ करून सगळीकडे फासला, वरून थोडी नारिंगी टिंबे दिली, की झाली वाघीण जुनी. तशी ती होत नाही. ती घाणेरडी होते, जुनी होत नाही. खऱ्या वाघिणीवरच्या प्रत्येक डागाला कारण असते, दिशा असते आणि वय असते. कारण माहीत नसताना दिलेला डाग पाहणाऱ्याला खटकतो, मग त्याला रेल्वेतले काही कळो वा न कळो. आजच्या बोलण्यात मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळा त्याचा तपशील.

प्रवासी डबे यार्डात धुतले जातात, इंजिने शेडमध्ये पुसली जातात. वाघिणीला मात्र पावसाशिवाय कोणी आंघोळ घालत नाही. चार-सहा वर्षांनी कारखान्यात मोठी दुरुस्ती होते, तेव्हा नवा रंग मिळतो; मधल्या काळात जे जे अंगावर पडेल ते ते तसेच राहते. म्हणून मी नवशिक्यांना आधी वाघीण करायला सांगते, इंजिन मागाहून. वाघीण काही लपवीत नाही.

बॉक्सएनचा मूळ रंग लाल ऑक्साइडचा, गेरूच्या जवळचा. तो उन्हात उडतो म्हणजे नेमके काय होते? रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्य आणि त्याला पत्र्याशी धरून ठेवणारा राळेसारखा बांध. उन्हातले अतिनील किरण हा बांध पृष्ठभागावर मोडतात. रंगद्रव्य सुटे पडते, पृष्ठभागावर खडूसारखी पूड येते, चकाकी जाते आणि लाल रंग फिकट, गुलाबीसर दिसू लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात यार्डात उभ्या वाघिणीवर हात फिरवला तर तळवा लाल होतो, तो गंजाने नव्हे, या पुडीने. तेव्हा प्रतिकृतीवर पहिला हात द्यायचा तो घाणीचा नव्हे, उन्हाचा. मूळ रंगात किंचित पिवडी आणि पांढरा मिसळून तो पत्र्याच्या मोकळ्या, उभ्या पट्ट्यांच्या मध्यभागी हलकेच द्यायचा. बाहेरच्या फासळ्यांच्या सावलीत, काठाखाली, कोपऱ्यांत रंग मूळचाच गडद ठेवायचा. एवढ्याने निम्मे काम होते.

मग गंज. गंज हा एक रंग नाही. ताजा गंज नारिंगी असतो, मुरलेला तपकिरी, फार जुना जवळजवळ जांभळट काळा. लोखंडाचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, रंगाला आतून उचलतो, त्याचे पोपडे निघतात. पोपडा पडला की नवा पत्रा उघडा आणि नवा गंज सुरू. त्यामुळे मध्ये जुना काळपट, कडेला नवा नारिंगी, असा गंजाचा डाग वाढतो. पुस्तकात पाहून केलेल्या कामात नेमके उलटे दिसते, मधोमध भडक नारिंगी आणि भोवती तपकिरी. डोळा लगेच अडखळतो.

गंज वाघिणीवर सगळीकडे सारखा नसतो. कोळशात गंधक असते. ओल्या कोळशातून झिरपणारे पाणी आम्लधर्मी होते आणि आतला पत्रा खाते. तळाशी, दरवाज्यांच्या बिजागऱ्यांपाशी आणि जिथे ओली पूड साचून राहते तिथे गंज जास्त. उलट, कोळसा घसरून ज्या भिंती रोज घासल्या जातात, तिथे पत्रा काळसर आणि गुळगुळीत. वरच्या काठाकडे पाहा. कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रात वाघिणी टिपलरवर चढतात. अख्खी वाघीण कवेत धरून ते यंत्र तिला उपडी करते. यंत्राची पकड वरच्या काठावर बसते. तिथला रंग ठरावीक जागीच निघतो, ठरावीक जागीच पत्रा चकाकतो. भरताना लोडरचे बकेट लागते, म्हणून बाजू फुगतात, फासळ्या वाकतात. ज्याने टिपलर पाहिला नाही तो काठावर सर्वत्र सारखे ओरखडे काढतो. ज्याने पाहिला तो मोजून जागा निवडतो.

आता खाली, चाकांपाशी. चाके, त्यांची चौकट म्हणजे बोगी, ब्रेकची दांडकी यांवर जो थर असतो तो आपण धूळ म्हणून सोडून देतो, पण तो बराचसा ब्रेकचा चुरा असतो. जुन्या गाड्यांचे ब्रेकचे ठोकळे बिडाचे असत. त्यांचा चुरा लोखंडी, तो हवेत गंजून तपकिरी, किंचित नारिंगी होई. आताचे ठोकळे मिश्र पदार्थांचे. त्यांचा चुरा काळपट करडा. म्हणजे १९७५ सालची वाघीण आणि आजची वाघीण शेजारी ठेवली, तर बोगीच्या रंगावरूनच काळ ओळखू यायला हवा. मला हा तपशील कळला तेव्हा माझे सगळे काम बदलले, असे म्हटले तरी चालेल.

काळाबद्दल आणखी एक. वाघिणीच्या बाजूवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, मध्य रेल्वेसाठी ०१. त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकडी अनुक्रम, आणि शेवटी पडताळ्याचा आकडा. बांधणीचे वर्ष १९ असलेल्या वाघिणीवर पंचवीस वर्षांचा गंज चढवणे म्हणजे खोटे बोलणे झाले. मळ क्रमांकाशी जुळला पाहिजे. आणि दुरुस्तीनंतर पुढची तारीख लिहिताना त्या चौकोनापुरताच नवा रंग लावतात. उडालेल्या लाल अंगावर तो एक गडद, ताजा तुकडा आणि त्यावरची पांढरी अक्षरे वेगळी उठून दिसतात. गाडी तपासणाऱ्यांच्या खडूच्या खुणा, अर्धवट पुसलेल्या, एकावर एक. हे छोटे तुकडे सांभाळले की वाघीण कोणाच्या तरी हाताखालून गेलेली दिसते.

नागपूरकर म्हणून मला सर्वांत जास्त गोडी आहे ती धुळीची. आपण जिथे बसलो आहोत तो भाग दख्खनच्या कातळाचा पूर्वेकडचा काठ आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. वर्ध्याकडे गेलात तर तोच काळा दगड आणि त्याची काळी माती. पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे कातळ बदलतो, माती पिवळसर, तांबूस होते. त्याही पुढे छत्तीसगडात दल्ली-राजहऱ्याच्या लोहखनिजाची लाल पूड. तुमसर आणि बालाघाटच्या बाजूचे मँगनीज काळ्या-तपकिरी रंगाचे, हाताला जड लागणारे. उमरेड आणि चंद्रपूरचा कोळसा. राजुरा-गडचांदूरकडचे सिमेंट. हे सगळे माल घेऊन गाड्या नागपुरात येतात, कारण मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग इथेच एकमेकांना छेदतात. अजनीच्या पुलावर उभे राहून खालून जाणाऱ्या वाघिणींची टपे आणि काठ पाहिले, तर कोणती गाडी कुठून आली याचा अंदाज करता येतो. हे कौशल्य कोणत्याही परदेशी पुस्तकात मिळणार नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या वाघिणीचा रंग डोळे मिटून इकडच्या वाघिणीला लावला की ती कुठलीच राहत नाही.

सिमेंटची पूड वेगळी वागते, हेही सांगते. कोळशाची भुकटी पावसाने वाहून जाते आणि ओघळ उभे उमटतात. सिमेंटला पाणी लागले की ते घट्ट होते; दारांच्या फटींखाली आणि छपरावर करड्या रंगाचा खरखरीत पापुद्रा बसतो, तो पावसाने निघत नाही. खताच्या वाघिणीत क्षार असतात, तिथे पत्रा लवकर सडतो. तेलाच्या टाकीवर वरच्या झाकणापासून ओघळ उतरतो; तो ओला, चकचकीत, आणि त्याच्या कडेने धूळ चिकटून राहिलेली. म्हणजे मॅट धुळीवर मधोमध चकाकणारी एक पट्टी. तीन माल, तीन प्रकारचे डाग.

आता हे सगळे पावणेचार सेंटिमीटर उंचीत बसवायचे कसे? इथे मी थोडा हिशेब मांडते, कारण या हिशेबाशिवाय हात आवरत नाही. प्रतिकृती आपण साधारण अर्ध्या मीटरवरून पाहतो. एचओ मापात अर्धा मीटर म्हणजे खऱ्या वाघिणीपासून त्रेचाळीस मीटर. तेवढ्या लांबून तुम्हाला रिव्हेटवरचा गंज दिसतो का? नाही दिसत. दिसतो तो एकंदर रंग, सावली, मोठे ओघळ, उजळ काठ. हवेचा पडदा मध्ये असल्याने काळा रंग गडद करडा होतो, पांढरा मळकट होतो, लाल थोडा विझतो. म्हणून डबीतला खरा रंग प्रतिकृतीवर खोटा दिसतो. तो फिका करून घ्यावा लागतो. दुसरी बाजू: प्रतिकृतीवर अर्धा मिलिमीटर रुंदीचा ओरखडा काढला, तर खऱ्या पत्र्यावर तो चार सेंटिमीटरहून रुंद पट्टा होतो. असा ओरखडा पडायला अपघात व्हावा लागेल. म्हणून दोन केसांच्या ब्रशने, श्वास रोखून, आणि थोडेच.

साहित्याचे सांगते, पण लवकर आटोपते. ते सगळीकडे वाचायला मिळते. प्रतिकृती आधी भांड्यांच्या साबणाने धुवायची, साच्याचे तेल राहिले तर रंग धरत नाही. मग करडा प्रायमर, मग मूळ रंग ॲक्रिलिकचा. अक्षरांचे ट्रान्स्फर गुळगुळीत वॉर्निशवर बसतात, नाहीतर त्यांच्या कडेखाली हवा राहून चंदेरी दिसते. ती बसली की मॅट वॉर्निश. ओघळांसाठी तेलरंग. ॲक्रिलिकवर टर्पेंटाइनचा परिणाम होत नाही, त्यामुळे तेलरंगाचे टिंब देऊन, कोरड्या चपट्या ब्रशने खाली ओढता येते, आवडले नाही तर पुसता येते. ओघळ खालीच ओढायचा. पाणी आडवे वाहत नाही. रंगाचे पोपडे दाखवायला स्पंजचा फाटका तुकडा. सर्वांत शेवटी कोरडी पूड, आणि तिच्यावर शक्य तोवर वॉर्निश नाही, कारण वॉर्निश फवारले की पूड निम्मी दिसेनाशी होते.

पूड मात्र मी बाहेरून मागवीत नाही. गेरू, काव, पिवडी ही सगळी लोखंडाची ऑक्साइडे आहेत. गंजही लोखंडाचा ऑक्साइड. म्हणजे गोकुळपेठेच्या बाजारात मिळणारा गेरू लावणे म्हणजे गंजाच्या सख्ख्या भावंडालाच वाघिणीवर बसवणे आहे. अट एकच: तो फार बारीक हवा. दशांश मिलिमीटरचा कण एचओ मापात जवळजवळ नऊ मिलिमीटरची खडी होतो. खलात घोटून मलमलीच्या दोन पदरांतून गाळून घेतला की चालतो. काळ्या-करड्या छटांसाठी कॅमलिनच्या सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून घेते. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या या मराठी उद्योगाने आपल्या शाळांमधले रंग पुरवले, आणि त्याच कांड्या माझ्या यार्डाची धूळही पुरवतात.

नागपूरची हवा या कामात कधी साथ देते, कधी अडवते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की एअरब्रशमधून निघालेले ॲक्रिलिक प्रतिकृतीपर्यंत पोहोचायच्या आतच सुकते. अंगावर वाळू उडाल्यासारखे खरखरीत दिसते, आणि सुईच्या टोकावर रंग साखळतो. रंगात वाळण्याचा वेग कमी करणारे द्रावण मिसळावे आणि पहाटे काम करावे. दुपारी कूलरच्या खोलीत फवारणी करू नये. कूलर ओल आणि धूळ दोन्ही आत ओढतो. पावसाळ्यात लॅकर वॉर्निश फवारले, तर ते सुकताना हवेतली ओल धरते आणि वाघिणीवर पांढुरका धुरकट थर येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा आमचा खरा हंगाम. आणि प्रतिकृती ज्या दिव्याखाली मांडणार, त्याच दिव्याखाली रंगवावी. पिवळ्या दिव्याखाली जमलेला गंज पांढऱ्या दिव्याखाली मातीसारखा दिसतो.

प्रतिकृती मळवण्याचा हा विचार आपल्याकडे उशिरा पोहोचला, पण जगातही तो फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रतिकृती-रेल्वे म्हणजे चकचकीत, पितळी, पॉलिश केलेले यंत्र अशीच समजूत होती. इंग्लंडमध्ये जॉन आहर्न यांनी मॅडर व्हॅली नावाची रेल्वे उभारली, तिच्यात गावाची घरे, भिंती, रस्ते वापरलेले दिसत. ती आजही ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात जपलेली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे जॉन ॲलन यांनी गॉरी अँड डिफीटेड ही काल्पनिक रेल्वे बांधली. ॲलन यांचा व्यवसाय छायाचित्रणाचा. इंजिनांवर काजळी, लाकडावर करडेपणा, छपरांवर गंज त्यांनी इतक्या ठामपणे आणला, आणि त्याची छायाचित्रे इतकी चांगली काढली, की त्यांच्यानंतर तुळतुळीत प्रतिकृती जुनाट वाटू लागल्या. १९७३ च्या जानेवारीत ते गेले आणि काही दिवसांतच त्यांची ती रेल्वे आगीत जळाली. आज आपण ॲलन यांचे काम ओळखतो ते छायाचित्रांवरून. यातले छायाचित्राचे महत्त्व लक्षात ठेवा, मी त्याकडे येणार आहे.

महाराष्ट्रात या छंदाचे नाव घ्यायचे तर पुण्याच्या भाऊ जोशी यांचे घ्यावे लागते. कोथरूडमध्ये १९९८ च्या एप्रिलमध्ये त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी उघडले. एचओ मापाचे रूळ, सिग्नल, चालत्या गाड्या. महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी या मापाचा रूळ पहिल्यांदा पाहिला तो तिथे. स्वतःच्या हिमतीवर, वर्षानुवर्षे खपून, छंदाचे संग्रहालय करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता आपल्या दाराशी येते. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली, आणि पुढे तिने सातपुड्यात आणि विदर्भात अडीच फुटी रुळांचे जाळे विणले. इतवारीहून उमरेड, भिवापूर करीत नागभीडला जाणारी छोटी लाइन. सावनेर, सौंसर करीत छिंदवाड्याला चढणारी दुसरी. छिंदवाड्याची २०१५ साली बंद झाली, नागभीडची २०१९ साली. मोठ्या लाइनीसाठी त्या उखडणे आवश्यक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोतीबाग इथे २००२ साली नॅरोगेज संग्रहालय उघडले म्हणून निदान इंजिने आणि डबे वाचले. मी तिथे वारंवार जाते, आणि तुम्हीही जा.

पण तिथे गेल्यावर एक गोष्ट जाणवते. संग्रहालयातली इंजिने रंगवून ठेवावीच लागतात. उघड्यावर ठेवलेले लोखंड रंगाविना टिकणार नाही. त्या रंगाखाली मात्र त्यांचे कामाचे दिवस झाकले जातात. काम करणारे वाफेचे इंजिन कधी एकसारखे काळे नसे. पुढच्या धूरपेटीला उष्णतारोधक कवच नसते. तिथला रंग भाजून करडा, तांबूस होई. त्यामागच्या बॉयलरला कवच असल्याने तिथे काळा रंग टिके. म्हणजे एकाच नळकांड्यावर दोन रंग आणि त्यांच्यामध्ये स्पष्ट रेघ. इंजेक्टरपाशी, झडपांपाशी पाणी गळे, ते तापलेल्या पत्र्यावर वाळे आणि क्षारांचे पांढरे ओघळ मागे राहत. चाकांच्या दांड्यांवर तेल आणि त्यात रुतलेली धूळ. यवतमाळच्या शकुंतला या छोट्या गाडीवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते. इथे बसलेल्यांपैकी काहींनी ते ओघळ डोळ्यांनी पाहिलेले असतील.

माझे म्हणणे असे, की जे मोतीबागच्या इंजिनावर ठेवता येत नाही ते प्रतिकृतीवर ठेवता येते. संग्रहालय लोखंड जपते. प्रतिकृती त्या लोखंडाचा एखादा चालता दिवस जपू शकते. आणि योगायोग असा, की छोट्या लाइनीची गाडी एचओ मापात नेमकी बसते. मोठ्या लाइनीचा १६७६ मिलिमीटरचा गेज सत्त्याऐंशीने भागला की १९.३ येतो, आणि बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ चा, गाडी कायम अरुंद रुळावर उभी. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागाकार ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्याला कळणार? नागभीडची गाडी करायला आपल्याइतकी सोयीची जागा जगात दुसरी नाही, आणि ती करायची निकड तर दुसऱ्या कोणाला नाहीच.

या कामावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या लोकांकडून येतो म्हणून मला तो गंभीर वाटतो. ते म्हणतात, आम्ही इंजिन असे घाण ठेवत नव्हतो. अगदी खरे आहे. अजनीच्या शेडमध्ये विजेच्या इंजिनाचे टप पाहिले तर पँटोग्राफच्या कार्बनच्या पट्ट्या झिजून पडलेली काळी पूड सगळीकडे दिसते, पण तिच्यामध्ये इन्सुलेटर मात्र स्वच्छ असतात. ते पुसलेच पाहिजेत, नाहीतर ठिणगी उडेल. काचेवर वायपरची अर्धगोल कमान स्वच्छ. दाराच्या दांड्या हातांनी घासून उजळलेल्या. पायरीवरचा रंग बुटांनी उडालेला. वाफेच्या इंजिनावर क्रमांकाची पाटी चिंधीने पुसलेली, आणि भोवती जिथवर हात पोहोचतो तिथवर काळा रंग तुकतुकीत; त्यापलीकडे काजळी. माणसाची निगा दिसते ती अशी, मळाच्या शेजारी. प्रतिकृती सगळीच स्वच्छ ठेवली, तर पुसणारा हात त्यातून नाहीसा होतो. म्हणून मी शेवटचा अर्धा तास डाग देण्यात घालवत नाही, पुसण्यात घालवते: टर्पेंटाइनमध्ये जेमतेम भिजवलेली काडी घेऊन, फायरमनचा हात कुठवर पोहोचला असता ते ठरवून, तेवढीच जागा उजळते.

तरुण मित्रांना दोन कामे सांगते. पहिले, आजच्या वाघिणींचे फोटो काढून ठेवा. रुळांवर उतरून नव्हे. पुलावरून, फलाटावरून, आणि जिथे मनाई आहे तिथे अजिबात नाही. बाजूने, सरळ, ढगाळ दिवशी, आणि शक्य असेल तर एखादी करड्या रंगाची पट्टी चौकटीत ठेवून, म्हणजे पुढे रंग पडताळता येईल. इंजिनांचे फोटो सगळेच काढतात. वाघिणीच्या बोगीचा फोटो कोणी काढत नाही, आणि दहा वर्षांनी हवा असतो तो तोच. दुसरे, एक वाघीण पूर्ण करा आणि मगच दुसरी घ्या.

आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कोणाच्या घरी नागभीड किंवा छिंदवाडा लाइनीचे रंगीत फोटो असतील: लग्नाचे वऱ्हाड, बदलीच्या वेळचा निरोप, डब्याच्या दारात उभी मुले. ते मला पाहायला द्या. त्या काळच्या छापील फोटोंमधला निळसर थर आधी विरतो, त्यामुळे फोटो लालसर होतात आणि डबा होता त्याहून तांबडा दिसतो. पण फोटोत एखादे पांढरे धोतर किंवा फलाटाच्या पाटीवरची अक्षरे असली, की त्यावरून मूळ रंगाचा माग काढता येतो. अल्बम घराबाहेर काढू नका, मी येईन. आणि मोतीबागच्या कारखान्यात किंवा छोट्या गाड्यांवर ज्यांनी नोकरी केली, त्यांना मला विचारायचे आहे: टाकीत पाणी कोणत्या बाजूने भरत, सांडलेले पाणी कुठून ओघळे, इंजिन पुसायला काय वापरत आणि आधी कुठला भाग पुसत. टेबलापाशी भिंग ठेवले आहे. वाघीण हातात घेऊन पाहायला हरकत नाही, फक्त काठाला धरा, आतली पूड वॉर्निशशिवाय आहे.